डाव्या बाजूचा बैल

मास्तर, तुमचं दुकान हलवलं. महालातल्या गल्लीतून उचललं आणि धंतोलीत नेऊन ठेवलं, दवाखान्यांच्या मधोमध. एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला रक्त तपासायची जागा. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. तुमचा मुलगा सांगणार नाही, त्याने विकलं आणि हैदराबादला परत गेला. ज्यांनी विकत घेतलं ते तुम्हाला ओळखत नाहीत. राहिलो मी. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी तुमचे निरोप पोहोचवायचं काम अजून माझ्याकडेच आहे.

लिहिण्यात चुका असतील. त्या तुमच्या खात्यात धरा. सहावीतून शाळा सुटल्यावर जे काही वाचायला-लिहायला शिकलो ते दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, बैल गुंडाळायला आणलेल्या रद्दी पेपरांवरून. त्यामुळे मला नेहमी अर्धीच बातमी माहीत असायची. उरलेली अर्धी कोणाच्या तरी घरी बैलाबरोबर गेलेली असायची. आत्ता मी हे लिहायला बसलो आहे तर बायको दारातून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा विचारलंच, "कोणाले लिहून राहिले?" मी म्हटलं, मास्तरले. तिने हातातलं लाटणं कमरेवर ठेवलं. "मेलेल्या माणसाले? मंग पत्ता का टाकान? तिकीट जास्तीचं लावा म्हणा, लांबचं आहे." मी म्हटलं, तू जा वं, पोळी जळून राहिली. पोळी जळत नव्हती. पण ती उभी राहिली की मला लिहिता येत नाही. माझ्या मागे कोणी उभं राहिलं की मला काहीच करता येत नाही, ही सवय कोणी लावली ते तुम्हाला माहीत आहे.

नव्या मालकीणबाई म्हणतात, आपलं दुकान 'थीम'वालं आहे. हा शब्द मी दोन दिवस तोंडात घोळवला. तुम्ही त्याला तत्त्व म्हणायचात आणि तुमची बायको हट्ट म्हणायची. दुकानात फक्त बैल. लाकडाचे, मातीचे, पितळेचे, बैल जुंपलेल्या बंड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. एकदा एक साहेब नातवासाठी घोडा मागायला आले तर तुम्ही त्यांना पायरी उतरायला लावली होती. तान्ह्या पोळ्याला पोरांनी दारोदार ओढत न्यायचे चाकांचे बैल, आणि बाकी वर्षभर भेट द्यायच्या जोड्या: लग्नाच्या रुखवतात, वास्तूला, कोणाच्या बदलीला. मालकीणबाईंनी आता बाहेर काचेवर इंग्रजीत काहीतरी लिहून घेतलं आहे. आत जाताना मी ते वाचत नाही, कारण पहिल्या दिवशी वाचायला गेलो आणि काच आहे हे लक्षात न येऊन कपाळ आपटलं.

हे नवरा-बायको नागपूरचेच. पण मधली बारा वर्षं पुण्यात काढून आले, त्यामुळे बोलतात तेव्हा मला सारखं वाटतं की कोणीतरी बातम्या देतं आहे. नवरा घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो, दुकान बाईंचं. धंतोलीतली ही जागा त्यांच्या वडिलांच्या जुन्या दवाखान्याची. मी विचारलं होतं, दवाखान्यापुढे बैल कोण घेणार? त्या म्हणाल्या, "काका, आजारी माणसाला भेटायला जाताना लोक काहीतरी नेतातच ना?" मी म्हटलं, नारळपाणी नेतात. त्या हसल्या. त्या हसतात, हीच अडचण आहे. तुमच्याशी निदान भांडता तरी आलं असतं.

आता शाळेचं बोलतो, कारण तेव्हा बोललो नाही. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा होता. तुम्ही आम्हाला चित्रकला आणि भूगोल शिकवायचे. मी मातीचा एक बैल करून वर्गात आणला होता, तो तुम्ही हातात घेऊन खिडकीशी नेला आणि फिरवून फिरवून पाहिला. मला वाटलं, आता मला वर्गापुढे उभं करतील, शाबास म्हणतील. तुम्ही काही बोलला नाहीत. संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी. आमच्या वस्तीत मास्तर येणं ही केवढी गोष्ट. माझी आई शेजारून कपबशी मागून आणते आहे, बाप खाटेवरची गोधडी झटकतो आहे, आणि तुम्ही बसता, चहा पिता, आणि म्हणता, "या पोराच्या डोक्यात अभ्यास शिरणार नाही. हात मात्र चांगला आहे. माझ्या दुकानात पाठवा, हाताला काम लागेल." एवढंच. कप खाली ठेवायच्या आत माझी शाळा संपली.

माझा बाप इतवारीत धान्याच्या गोदामात हमाल होता. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो, तीन वर्षांचा. त्या दिवसातलं त्याला बाकी काय समजलं मला ठाऊक नाही, पण पोराला शिकवायचं हे समजलं होतं. गोदामातला मुकादम येऊन म्हणाला असता की पोराला कामाला लाव, तर बापाने त्याला पायरीवरून हाकललं असतं. पण आले तुम्ही. मास्तरच म्हणतो आहे की शाळा सोडा, तर तो विचारणार कोणाला? त्याने तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तुमी म्हनता त बरोबरच असन." मरेपर्यंत तो तुमच्या दुकानात आला नाही. पोळ्याच्या दिवसांत मी रंगाने भरलेले हात घेऊन घरी आलो की विचारायचा, "का गा, आज किती नंदी केले?" आणि तोंड फिरवायचा.

आणि तुम्ही शाळा सोडली नाहीत, मास्तर. निवृत्तीपर्यंत सकाळी तिकडे हजेरी घ्यायला जात होतात आणि दुपारी इकडे मला शिकवत होतात. तिकडच्या हजेरीत माझ्या नावावर लाल रेघ तुम्हीच मारली असणार.

एक खोटं सांगणार नाही. तुमच्या घरात माझ्यासाठी वेगळा कप नव्हता. तुमची बायको मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून तुमच्याच ताटल्यांत वाढायची आणि भात कमी खाल्ला तर रागवायची. वेगळा कप असता तर सोपं झालं असतं, मी वर्षभरात पळून गेलो असतो. तुम्ही मला ठेवलं चांगलं आणि वागवलं वाईट, आणि अशा माणसाला सोडून जाता येत नाही. दर पोळ्याला एक शर्टाचं कापड द्यायचे. नेहमी पांढरं. रंगकाम करणाऱ्या पोराला पांढरं कापड.

मी हे सगळं का उकरून काढतो आहे, तर त्या जोडीमुळे. तुमची रीत मी मालकीणबाईंना समजावली तेव्हा त्यांनी ती लगेच फोनवर टिपून घेतली. जोडीतला डावा बैल उजवीकडे बघतो, उजवा डावीकडे. दोघांच्या माना आत, एकमेकांकडे. झुलीची गाठ मात्र बाहेरच्या अंगाला कोरायची, बघणाऱ्याला दिसेल अशी. आणि एका जोडीला दोन हात पाहिजेत. एकाच माणसाने दोन्ही बैल केले तर ते जुळे भाऊ दिसतात, जोडी दिसत नाही, असं तुमचं म्हणणं. म्हणून डावा तुम्ही करायचा, उजवा मी. तुम्ही होता तोवर मी उजव्याशिवाय दुसरा बैल केला नाही. तुम्ही गेल्यावर दोन्ही करायला लागलो. जुळे दिसतात. तुमचं बरोबर होतं. 

माझ्या पहिल्याच वर्षी, उन्हाळा लागता लागता, धरमपेठच्या एका वकिलांच्या मुलीचं लग्न होतं. रुखवतासाठी सागवानाची मोठी जोडी पाहिजे होती. तोवर मी फक्त चाकं घासत होतो. तुम्ही म्हणालात, उजवा तू कर. मी बारा वर्षांचा. चार दिवस मी त्या बैलाशिवाय दुसरं काही पाहिलं नसेल. वकील आले, खुर्चीवर बसले. तुम्ही दोन्ही बैलांवरचं फडकं काढलं आणि जोडी त्यांच्यापुढे मांडली. दोन्ही बैल डावीकडे बघत होते. वकील आधी चष्मा पुसतात, मग एवढ्या मोठ्याने हसतात की समोरचा कासार उठून येतो. "मास्तर, हे काय गा! लग्नाआधीच एकानं तोंड फिरवलं!" तुम्ही एकदा जोडीकडे पाहता, एकदा माझ्याकडे. मग माझ्या मानेवर हात ठेवून मला पुढे ढकलता. "हा आमचा सहावीतला. शाळेत पण याला डावं-उजवं कळत नव्हतं." कासार हसला. वकील हसले. मग तुम्हीसुद्धा हसलात.

उजवा बैल मी केला होता, मास्तर. उजव्या बैलाने डावीकडे बघायचं असतं. माझा डावीकडेच बघत होता.

वकिलांनी दुसरी जोडी नेली. ही तुम्ही वरच्या फळीवर ठेवली, घड्याळाच्या शेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलीत. माझं लग्न झाल्यावर बायकोला पहिल्यांदा दुकान दाखवायला आणलं, तर पाणी विचारायच्या आधी तुम्ही तिला ती जोडी दाखवली. ती नवी नवरी, पदर तोंडावर धरून हसली. आजही भांडण झालं की तिचं ठरलेलं आहे, "जाऊ द्या, तुमाले डावं-उजवं समजत नाही." तुमच्या मुलाने ही गोष्ट लहानपणापासून घरात ऐकली. त्याने दुकान विकताना माल दाखवला, उधारी दाखवली आणि ही गोष्टसुद्धा दिली.

मालकीणबाई पहिल्या दिवशी आल्या आणि सरळ त्या फळीखाली उभ्या राहिल्या. मी म्हटलं, तो खराब माल आहे. त्या म्हणाल्या, "हो, मला माहीत आहे! किती गोड आहे ना, काका? हीच आपली ओळख ठेवायची." महिन्याभरात पिशव्या छापून आल्या. पिशवीवर दोन बैल, दोघांची तोंडं एकाच बाजूला. आणि पिशवीला दोऱ्याने बांधलेला एक पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मराठीत चार ओळी. वर लिहिलं होतं, 'एका छोट्या शिष्याची गोड चूक.' मी तो तुकडा खिशात घालून घरी आणला आणि संडासात जाऊन वाचला, म्हणजे कोणी मागे उभं राहणार नाही. त्यात माझं नाव नव्हतं. पण सगळा महाल मला ओळखतो. साठ वर्षं फळीवर होतं ते आता पिशवीला बांधून घरोघर जाणार. मी बहात्तर वर्षांचा आहे. मी मेल्यावरही हा पुठ्ठा छापत राहतील.

मला एवढंच पाहिजे होतं की त्यांनी तो पुठ्ठा काढावा. घरी मी वाक्य तयार केलं. बसमध्ये म्हणून पाहिलं. दुकानात जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तोंड उघडलं. त्यांनी माझा चेहरा पाहिला. "काका, पाय दुखतायत का? थांबा, खुर्चीचं बघते." दुसऱ्या दिवशी खुर्ची आली, गादीसकट. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. "एसी लागतोय ना तुम्हाला? मला वाटलंच." एसीचं तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा गेलो तर नवऱ्याला हाक मारून सांगितलं की काकांना दुपारचा चहा वेळेवर मिळत नाही. मला पाहिजे होतं ते सोडून सगळं मिळालं. त्या दर वेळी म्हणतात, "काका, तुम्ही आहात म्हणून दुकान आहे." त्या औषधवाल्यालाही असंच काही म्हणत असतील. असल्या माणसांवर राग धरून ठेवायला किती मेहनत पडते, तुम्हाला कल्पना नाही. तुमच्या वेळी राग फुकट होता.

पोळ्याच्या आधी दोन महिने दुकानातला खिळा हलवायचा नाही, हा तुमचा नियम. त्यांनी पोळा दीड महिन्यावर असताना आख्खं दुकान हलवलं. खोकी भरणारी माणसं आली, पिवळे स्टिकर घेऊन. त्यांनी काय करावं? डाव्या बैलांचं खोकं वेगळं, उजव्यांचं वेगळं. मी ओरडलो, का करून राहिले बे! त्यांचा म्होरक्या शांतपणे म्हणाला, "बाबाजी, माना एका साइडले असल्या का खोक्यात बराबर बसते. टूटणार नाही." सगळ्या जोड्या फुटल्या. धंतोलीत जाऊन त्या जुळवायला मला चार दिवस लागले. तुमच्या हातचे डावे बैल आता सातच उरले आहेत. ते मी खोक्यात हात घालून, न बघता वेगळे काढले. ज्याच्यावर राग असतो त्याचा हात विसरता येत नाही.

ती जोडी मात्र मी खोक्यात जाऊ दिली नाही. म्हटलं, ही मी स्वतः आणतो, सागवान आहे, कोपरा उडेल. बाईंना वाटलं, काकांचा किती जीव आहे! मी ती कापडी पिशवीत घातली, ऑटोत मांडीवर घेतली, आणि धंतोलीत उतरताना सीटवर ठेवून दिली. विसरलो नाही, ठेवली. भाडं दिलं आणि पाय उचलला. मला वाटतं, इतक्या जोरात मी दहा वर्षांत चाललो नव्हतो. दवाखान्यांच्या त्या गर्दीत, अँब्युलन्स, स्ट्रेचर, फळांच्या गाड्या, सगळ्यांमधून मागून आवाज, "ओ काकाजी! ओ! तुमचे बैल राहून गेले ना!" ऑटोवाला रस्त्याच्या मधोमध ऑटो उभी करून, मागे सगळे हॉर्न वाजवत असताना, पिशवी घेऊन धावत आला. घाम पुसत म्हणाला, "एवढी भारी चीज कोनी सोडते का?" मला त्याला वीस रुपये जास्त द्यावे लागले.

धंतोली मला आधीही ठाऊक होती. तुम्ही शेवटी ज्या दवाखान्यात होता तो तिथून तिसरा रस्ता. अकरा दिवस मी डबा आणत होतो. तुमचा मुलगा परीक्षेत होता, तुमची बायको दमली होती, म्हणून दुपारी मीच. शेवटून दुसऱ्या दिवशी तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत होतात आणि म्हणालात, "तू समोरच बसला होतास." मी म्हटलं, हो, सकाळपासून बसलो आहे. तुम्ही मान हलवली, म्हणजे ते नाही. मी तुमची उशी नीट केली. नर्स म्हणाली, तापात बोलतात असं. मी म्हटलं, असेल.

आता ती जोडी नव्या दुकानात दारासमोर काचेच्या पेटीत आहे. वर दिवा, आणि तो पुठ्ठा मोठा करून शेजारी लावला आहे. किल्ली बाईंकडे. परवा दुपारी एक माणूस आला. धोतर, डोक्याला उपरणं, काचेबाहेर चपला काढून आत. मी म्हटलं, चपला राहू द्या, इथे चालतात. "नाही गा भाऊ, खाली आरशावानी फरशी आहे." कुहीकडचा होता, धानाची शेती. बायकोचं ऑपरेशन चाललं होतं, मुलगा तिकडे बसला होता, याला बाहेर बसवेना. "चार घंटे म्हनले डॉक्टर. मी का करू? चहा पिऊन पिऊन पोट फुगलं." मग त्याने चारी भिंतींवर नजर फिरवली. "अन् दवाखान्यापुढं बैलाचं दुकान? भाऊ, हे कोनाच्या डोक्यातून निंघालं?" मी बाईंकडे हात केला. त्या खूश होऊन पुढे आल्या आणि त्याला पेटीपाशी नेलं, गोष्ट वाचून दाखवली, छोटा शिष्य, गोड चूक, सगळं. मी माझ्या गादीच्या खुर्चीवर बसून फरशीकडे बघत होतो.

तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. आधी एक बैल पाहिला, मग दुसरा. मग म्हणाला, "मॅडम, हे कोनं लिहलं?"

"मीच. का?"

"चूक त एकानं केली. दुसऱ्याले काहून बदनाम करून राहिले?"

"म्हणजे?"

"हा पाहा ना. याच्या झुलीची गाठ डाव्या अंगाले. म्हंजे हा डाव्या बाजूचा बैल. यानं आत पाहाले पायजे. हा बाहीर पाहून राहिला. उजवा त बरोबर उभा आहे. बिचारा जोडीदाराच्या तोंडाकडं पाहून राहिला, अन् हा गडी आपला गावाकडं!" तो स्वतःच हसला. "असा बैल जुपला त बंडी नालीत जाईन, मॅडम. पन उजव्याले नावं ठेवू नका. ज्यानं उजवा केला त्याले समजत होतं."

मास्तर, साठ वर्षं. गिऱ्हाइकं आली, वकील आले, मोठमोठे लोक आले, आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं वाचायच्या ऐवजी बैलाकडे बघणारा एक माणूस यायला एवढी वर्षं लागली. आणि बाई माझ्याकडे वळल्या. त्या मूर्ख नाहीत. दोन हातांची रीत त्यांच्या फोनमध्ये लिहिलेली होती. त्या म्हणाल्या, "काका, डावा कोणी केला होता?"

एवढंच तर पाहिजे होतं. वाक्य तयार करायची गरज नव्हती, एक शब्द पुरला असता. मास्तरांनी. पुठ्ठा निघाला असता, पिशव्या बदलल्या असत्या, बायकोचं तोंड बंद झालं असतं. कुहीवाला माझ्याकडे बघतो आहे, बाई बघत आहेत, एसीचा आवाज येतो आहे. मी म्हणालो, "दोघांनी मिळून केली ती."

बाईंचे डोळे भरले. "काका, तुमचं मन किती मोठं आहे हो." त्यांनी तिथल्या तिथे पेटी उघडून पुठ्ठा काढला. नवा आज संध्याकाळी छापून आला. त्यावर लिहिलं आहे, 'गुरू-शिष्यांनी मिळून घडवलेली जोडी.' म्हणजे आता तुम्ही आणि मी एका पुठ्ठ्यावर, काचेत, दिव्याखाली. याच्यापेक्षा पहिला बरा होता की काय, असं वाटायला लागलं आहे. कुहीवाल्याने नातवासाठी चाकाचा एक बैल घेतला. जाताना त्याने त्याची मान दोनदा तपासली. "हा सरळ पाहते ना, भाऊ?" मी म्हटलं, सरळ पाहते. त्याच्या बायकोचं काय झालं ते कळलं नाही. काल मी दिवसभर दाराकडे बघत होतो.

बाईंनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली, नवऱ्याने रक्त तपासणाऱ्याला सांगितली, तो आज मला नमस्कार करून गेला. माझं मन मोठं नाही, मास्तर. तुमच्याबद्दल माझ्या मनात माया नाही, हे तुम्हाला नीट समजावं म्हणून मी कागद घेऊन बसलो. हे कुठे टाकायचं नाही. आधी वाटलं होतं घडी करून त्या जोडीखाली ठेवावं, पण किल्ली मागावी लागेल, आणि किल्ली मागितली तर बाई विचारतील आणि मला दुसरी गादी मिळेल. बायकोच्या हाती लागलं तर ती याच्यावर पापड वाळवेल. वाळवू दे.

एक राहिलं. डाव्या बैलाची मान तुम्ही दोन दुपारी कोरलीत. मांडीवर बैल, आणि शेजारी सहावीच्या भूगोलाच्या पेपरांचा गठ्ठा, वार्षिक परीक्षेचा. चार पेपर तपासायचे, मग पटाशी घ्यायची, मग पुन्हा पेपर. म्हणून तुमची बाजू चुकली. वरचे पेपर कोणाचे ते मला अक्षरांवरून ओळखू येत होतं, सगळे माझ्या वर्गातले होते. त्या गठ्ठ्यात माझा पेपर नव्हता. मी समोरच बसलो होतो. मान बाहेर चालली आहे हे मला पहिल्याच दुपारी दिसलं. तेव्हा लाकूड जाड होतं, वळवता आलं असतं. दुसऱ्या दुपारी तुम्ही कान कोरायला घेतलेत, तेव्हाही मी एक शब्द बोललो असतो तर चाललं असतं. मी माझ्या बैलाला पॉलिश पेपर घासत राहिलो. मला बरं वाटत होतं.